तोंड उघडेपर्यंत

माणूस जेवत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. माझ्या भाचीला हे कुणी सांगितलेलं नाही. पाचवा महिना सरला तेव्हापासून घरात कुणीही ताटावर बसलं की ती कामाला लागते. आजीच्या मांडीवर, पाठीला हाताचा टेकू, आणि नजर समोरच्याच्या बोटांवर. भाकरी मोडली की डोळे खाली. तुकडा कालवणात बुडाला की डोळे आणखी बारीक. घास उचलला की डोळे त्याच्याबरोबर वर चढतात, आणि तो तोंडात गेला की हिचाही जबडा हलतो, रिकामाच. लाळ हनुवटीवरून दुपट्यावर. आपण कुणाचं तरी हिसकावून खातोय, असं जेवणाऱ्याला वाटायला लागतं. "नजर लागेल," आई म्हणते. कुणाची कुणाला, ते सांगत नाही.

खरं तर पोट तिचं भरलेलंच असतं. दूध पिऊन, ढेकर देऊन, मग ती आमच्या पंगतीला येते. सगळे गोल बसून काहीतरी करतायत आणि आपल्याला त्यात घेत नाहीत, एवढं तिला कळलेलं असावं.

धाकटी बहीण बाळंतपणाला राहुरीला आली, ती उष्टावण करूनच पुण्याला परतणार होती. त्या मुहूर्तावरून मायलेकींत बरीच धुसफूस झाली. आईचं म्हणणं, मुलगा असेल तर सम महिना, मुलगी असेल तर विषम. हिचं पाचव्यातच व्हायचं, तुझ्या हट्टानं राहिलं. बहिणीचं म्हणणं, सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. शेवटी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले आणि निकाल दिला, "सहा पुरे झाले म्हणजे सातवा लागला. सातवा विषम. भांडताय कशाला?" जागतिक आरोग्य संघटनेनं 'चार ते सहा महिने' ही आपली जुनी शिफारस बदलून 'सहा महिने पूर्ण' अशी केली ती 2001 साली. काकूंच्या पेरांवर ती, निदान मुलींपुरती, आधीपासूनच होती.

उष्टावणात मामाला मान. म्हणजे मला. एका घासाचा मान, पण आमच्या घरात त्याची तयारी लग्नाची असावी तेवढी. चांदीची वाटी घासून ठेवलेली, आईच्या लग्नातली अंगठी डब्यातून काढलेली, मुलीच्या पुढ्यात ताटात पुस्तक, पेन, मातीचं ढेकूळ, सोन्याचा मणी. ज्याला हात लावेल ते तिचं पुढचं आयुष्य म्हणे. तिनं ताटच ओढलं.

खिरीत साखर घालायची की नाही, यावरून पुन्हा एकदा बोलाचाली. बहिणीच्या डॉक्टरांनी वर्षभर साखर नाही, मीठ नाही, मध तर अजिबात नाही, असं बजावलेलं. आता राहुरीत बसून साखरेला नको म्हणणं सोपं आहे का? आमच्याकडे नगर-मनमाड रस्त्यावरच्या थांब्याचं नावच 'राहुरी फॅक्टरी'. कसली फॅक्टरी, असं कुणी विचारत नाही. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आलं, पुढे बारागाव नांदूरला मुळेवर धरण झालं, आणि जिरायती गावं उसात बुडाली. बारसं असो, निकाल असो, नवा ट्रॅक्टर असो, तोंड गोड केल्याशिवाय आमच्याकडे कुठली बातमी बातमी होत नाही. तरी तडजोड झाली. खीर बिनसाखरेची. आईनं चमच्याच्या टोकाला गूळ चोळला असेल, तर मी तो पाहिलेला नाही.

अंगठी खिरीत बुडवून मी तिच्या जिभेला लावली. कपाळावर तीन आठ्या, एक डोळा मिटलेला, आणि जीभ बाहेर. खीर हनुवटीवर. मागून कुणीतरी म्हणालं, "नको म्हणतेय." नको वगैरे काही नसतं ते. तान्ह्या बाळाची जीभ दूध सोडून तोंडात आलेली दुसरी वस्तू आपसूक बाहेर ढकलते. घशात काही अडकू नये म्हणून निसर्गानं लावून दिलेली ही सवय चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरू लागते. आतापर्यंत त्या जिभेला ओढण्याचं एकच काम होतं. आता घास मागे सारायला शिकायचं. आपण घास गिळतो तेव्हा केवढी कसरत करतो, हे ती चुकवताना पाहिल्यावरच लक्षात येतं.

मी दुसऱ्यांदा चमचा पुढे नेला आणि सहज समोर पाहिलं. आई, बहीण, काकू, काकूंची सून, दारात उभा राहिलेला दूधवाला, सगळ्यांनी आ वासला होता. मी स्वतःही. फक्त जिचं तोंड उघडायला हवं होतं ती ओठ घट्ट मिटून आमच्याकडे बघत होती.

राहुरी तालुक्यातच ताहराबाद आहे, महिपतींचं गाव. तिथे बसून या माणसानं संतांची चरित्रं ओवीत बांधली. 'भक्तविजय' पुरा झाला 1762 साली. त्यातली नामदेवाची गोष्ट आमच्याकडे कीर्तनात हटकून येते. वडील गावी गेलेले, म्हणून नैवेद्याचं ताट घेऊन पोरगं देवळात पाठवलं. नामदेवाला वाटलं, देव जेवतो. ताट पुढे ठेवून तो बसला. देव जेवेना. पोरानं विनवण्या केल्या, माझ्याच हातचं का नको म्हणून विचारलं, शेवटी डोकं आपटून घ्यायची धमकी दिली, तेव्हा कुठे विठ्ठलानं हात ताटाला लावला. घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास नाही. पोरानंच फस्त केलं असणार.

ही गोष्ट भोळ्या भक्तीची आणि चमत्काराची म्हणून ऐकत आलो. चमचा धरून बसल्यावर ती मला दुसऱ्याच बाजूनं दिसायला लागली. नामदेव एवढासा, आणि भरवणारा तो. देव एवढा मोठा, आणि तोंड मिटून उभा. ताट भरवणाऱ्याचं, अन्न त्याचं, माया त्याची, घाईही त्याचीच. पुढचं सगळं मात्र समोरच्याच्या ओठांवर. हात हवेत, आणि त्या हाताला वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. देवापुढे डोकं आपटायची धमकी चालली. सहा महिन्यांच्या लेकरापुढे तीही चालत नाही.

पूर्वी वाट बघायची नाही, अशीही एक रीत होतीच. माझ्या आजीकडे पितळेचं बोंडलं होतं. लेकराला मांडीवर आडवं घ्यायचं, एका हातानं गाल दाबायचे, प्रसंगी नाकही, आणि बोंडल्याची चोच तोंडात. गुटगुट आवाज करत ते दूध, ती बाळगुटी, ते एरंडेल आत जायचं. रडलं तर बरंच, तोंड उघडं मिळायचं. आजी वाईट नव्हती. तिची दोन लेकरं पहिल्या वर्षातच गेलेली. जे पोटात गेलं ते वाचवेल, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि त्यासाठी लेकराचं मत विचारत बसायला तिला सवड नव्हती.

या बाईसाहेबांना मत आहे. आजवर त्यांना काय हवंय ते रडून सांगायच्या. आता काय नकोय तेही सांगता येतं, आणि तेही न रडता. मान भिंतीकडे फिरवायची. बस्स. चमचा त्या बाजूला गेला की मान इकडच्या भिंतीकडे. आपल्या इच्छेवाचून आपल्या आत काही येऊ द्यायचं नाही, एवढा अधिकार माणसाला पहिल्यांदा मिळतो तो असा, पेजेच्या चमच्यासमोर. घरातली मोठी माणसं त्यावर नाराज होतात. मला मात्र तिचं ते मान फिरवणं पाहायला आवडतं, हे मी आईसमोर बोलत नाही.

माझा मान त्या चमच्याबरोबर संपला. मामाचा फोटो निघाला, मामा उठला. पुढचे चमचे, रोजचे, सांडलेले, थुंकलेले, केसांत गेलेले, आई आणि बहिणीच्या वाट्याचे. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, भाजून काढलेली भरड. तिची पेज. मग आसट भात, त्यावर वरण, तुपाचा थेंब. उकडलेला बटाटा, भोपळा, कुस्करलेलं केळं. आई पेज पातळ करते, घशात अडकायला नको म्हणून. बहीण ती आटवते. एवढ्याशा पोटात नुसतं पाणी भरलं तर अन्नाला जागा कुठे राहणार? चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं दाट हवं, असं तिचं शास्त्र. आजवर ज्याला आम्ही मोठ्या कौतुकानं 'डाळीचं पाणी' म्हणत आलो, त्यात डाळ कमी आणि कौतुकच जास्त, हे मला यंदा कळलं.

यावर तोडगा मात्र आईच्याच डब्यात निघाला. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ. दाट, गरम लापशीत हे चमचाभर पीठ टाकून ढवळलं की लापशी बघता बघता सैल पडते, पाणी न वाढवता. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट फोडणारं विकर तयार होतं, त्याची ही करामत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या आहारासाठी यावर पुष्कळ काम केलं. आईला ते नाव माहीत नाही. "मोडाची पचायला हलकी," एवढं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

नाचणी आमच्याकडची नव्हे, ती येते अकोले तालुक्यातून, सह्याद्रीच्या बाजूनं. तिथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. देशी बियाणं राखून ठेवल्याबद्दल 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या आपली गोष्ट सांगतात ती नातवाच्या आजारपणापासून. लेकराच्या ताटातून उठून बाई बियाण्याच्या मडक्यापर्यंत गेली. मला ते फार नैसर्गिक वाटतं. चमचा हातात घेतलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, हे आलं कुठून?

आमच्या राहुरीचं धान्य म्हणाल तर बाजरी. उसानं झाकली, तरी आहे. बहिणीला बाळंतपणात महिनाभर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपू हेच होतं. तेव्हा लेकीला बाजरी अगदीच अनोळखी नसावी. फिलाडेल्फियात ज्युली मेनेला यांनी काही बायकांना गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस नेमानं प्यायला दिला होता, आणि पुढे त्यांच्या बाळांनी गाजर घातलेली लापशी कमी तोंड वाकडं करून खाल्ली. 2001 साली ते छापून आलं. म्हणजे आईचं ताट बाळाला आधीच चाखायला मिळालेलं असतं. आमच्या हिनं लसूण तर जन्माआधीच ओळखून ठेवला असणार.

आणि बाजरीत लोह. आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं. पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, बाळ आपल्यापुरतं लोह साठवून घेतं आणि त्या शिदोरीवर सहा महिने काढतं. मग शिदोरी सरत येते. त्याच सुमाराला मान धरलेली असते, आधारानं बसता येतं, जीभ बाहेर ढकलणं विसरू लागते, आणि लेकरू परक्या ताटात डोकावायला लागतं. हे सगळं एकाच वेळी कसं जुळून येतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

बाजरीतल्या लोहात आमच्या गावाशेजारच्या कृषी विद्यापीठाचाही हात आहे. हैदराबादजवळची इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून जास्त लोह असलेल्या बाजरीचा वाण 2012 साली महाराष्ट्रात आला, 'धनशक्ती'. गंमत अशी की आपण जिला रांगडं, आपल्या मातीचं अन्न म्हणतो, तिच्या या वाणाचं कूळ निघतं पश्चिम आफ्रिकेत, टोगो देशाच्या उत्तर भागात. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बाजरीतून तो निवडत आणला. बाजरीच मुळात आफ्रिकेची. कुणा आजीनं कुणा लेकराला तिकडच्या चुलीपाशी भरवलेलं धान्य, ते मुळेच्या काठी येऊन आमच्या वाटीत पडलं.

आईला टोगोशी देणंघेणं नाही. ती एवढंच बघते की बाजरीचं पीठ थोडं थोडं दळून आणायचं. आठवडाभर राहिलं की कडवट होतं, आणि मोठी माणसं चटणीबरोबर रेटतील, लेकरू नाही रेटणार.

बहीण निघण्याआधीच्या दिवसांत उसाचा हंगाम भरात होता. आमच्या शेजारच्या फडात पाथर्डीकडची टोळी उतरलेली. बांधावर कोप्या. सकाळी तिकडून जाताना एका बाभळीला बांधलेली झोळी दिसली आणि शेजारी पोत्यावर बसलेलं लेकरू, आमच्या भाचीच्याच वयाचं, फार तर महिनाभर मोठं. आई-बाप दोघं फडात, कोयता चालू. लेकराजवळ सात-आठ वर्षांची बहीण. जर्मनच्या पेल्यात चहा, त्यात बिस्कीट. ती बोटावर बिस्किटाचा लगदा घेऊन थांबायची. लेकरू उसाच्या वाढ्याशी खेळण्यात गुंग. तिचंही तोंड उघडं.

चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे मला नुकतंच माहीत झालेलं होतं, आणि नुकतंच माहीत झालेलं सांगायची जीभ फार शिवशिवते. पण कुणाला सांगणार? अंधारात उठून फडात उतरलेल्या त्या माउलीच्या हाताशी गरम असं तेवढंच होतं. समोरचं तोंड उघडेपर्यंत थांबायचं तर वेळ लागतो, आणि मोळ्यांच्या हिशेबात तो धरलेला नसतो. आमच्या घरी एका वाटीभोवती पाच माणसं बसतात. तिथे त्या पोरीनं शाळा सोडून तो वेळ काढला होता.

आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीताईंनी पुढे त्या लेकराचं वजन करून वहीत घेतलं, असं काकू म्हणाल्या. अंगणवाडीतही उष्टावण असतं. पोषण अभियान आल्यापासून त्याचा दिवसच ठरवून देतात. सहा महिने पुरे झालेली लेकरं आयांच्या मांडीवर ओळीनं बसवायची, एकाच पातेल्यातून सगळ्यांना चमचा. तिथे मामा नाही, अंगठी नाही, सम-विषम नाही. घरच्या उष्टावणात पाहुण्यांची यादी आधी ठरते आणि तिला कुंपणं किती असतात, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या पातेल्याला यादी नव्हती. फोटो तिथेही काढतात म्हणा. तो वर पाठवावा लागतो.

तर धनशक्ती. वाटीतली बाजरी तीच असावी, असं माझ्या मनानं घेतलं. विद्यापीठ हाकेवर आहे, मग काय अडचण? म्हणून बियाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "पेरायला का खायला?" खायला म्हटल्यावर तो हसला. पिशवीतलं बियाणं औषध चोळलेलं, गुलाबी. ते पोटात जायचं नाही. आणि बाजारातली बाजरी? तिथे जाडी-बारीक एवढंच विचारायचं, वाण कुणी सांगत नाही. दहा शेतांची एका ढिगात. "खायचीच असली तर पेरा," तो म्हणाला. "थंडी ओसरली की उन्हाळी टाका. वैशाखात निघेल."

वैशाखात ती दहा महिन्यांची होईल. पुढचे दोन-चार दात आलेले असतील, भाकरीचा पापुद्रा हातात धरून स्वतःच चघळत असेल, आणि बहुधा पुण्यात. तरी घरी येऊन मी जाहीर केलं, की विहिरीकडच्या वाफ्यांत यंदा कांद्याऐवजी बाजरी.

आई वाटी खरवडत होती. उरलेली पेज तिनं बोटानं पुसून स्वतःच्या तोंडात घातली. "टाक की," ती म्हणाली. "पण उन्हाळ्याची कणसं साऱ्या शिवारात तेवढीच दिसणार पाखरांना. तुटून पडतील. गोफण घेऊन बसणार कोण?"

"मामा बसेल," बहीण आतून म्हणाली. "मान त्याचाच आहे."